तेरा वाटे, चौदा अहवाल

आमच्या कॉलेजात कॉपी पकडण्याचं काम माझ्याकडे आलं, ते केवळ मला कॉम्प्युटर येतो म्हणून. रत्नागिरीत अर्थशास्त्र शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी मूळची अलोऱ्याची. वडील पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते, त्यामुळे लहानपण सगळं कोयनेच्या कॉलनीत गेलं. जिल्हा एकच असला तरी समुद्र आमच्या घरात कधी आला नाही. कॉलनीत मासे यायचे ते चिपळूणहून, टेम्पोतून, आणि आमच्यापुरतं त्यांना 'मासे' एवढंच नाव होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या या अडाणीपणाचा पुढे संबंध येणार आहे.

एके दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. विद्यापीठाचं परिपत्रक आलं होतं. आतापर्यंत आमची गैरप्रकार समिती परीक्षेच्या हॉलमधली कॉपी पकडायची. यापुढे मुलांच्या प्रकल्प अहवालांतली उचलेगिरीही शोधायची होती, आणि ती शोधणारी प्रणाली कॉम्प्युटरवर चालवायची होती. प्राचार्य म्हणाले की समितीत एखादं तरुण माणूस हवं. मी तरुण होते आणि समोर बसले होते, त्यामुळे नेमणूक तिथेच झाली.

समितीचे अध्यक्ष वाणिज्य विभागाचे सर होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात तीस वर्षांत जप्त केलेला माल होता. एसटीच्या तिकिटांच्या पाठीवर लिहिलेली सूत्रं, पेनाच्या नळीत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या, आतल्या बाजूने निळा झालेला एक हातरुमाल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हा सगळा संग्रह दाखवला, एकेक वस्तू हलक्या हाताने उचलून. एका चिठ्ठीवर तांदळाएवढ्या अक्षरात अख्खं प्रकरण बसवलेलं होतं. सर म्हणाले की एवढी मेहनत करणाऱ्याला नापास करताना त्यांना फार वाईट वाटलं होतं, पण केलं. आताच्या पोरांच्या कॉपीत मात्र मेहनत उरलेली नाही, अशी त्यांची तक्रार होती.

त्याच वर्षी नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुलांना फील्ड प्रोजेक्ट आला. वर्गाबाहेर जायचं, माणसांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचा. माझ्या वाट्याला दुसऱ्या वर्षाचे चौदा विद्यार्थी आले. विषय मी निवडला: किरकोळ मासळी विक्रीचं अर्थकारण. आपण बंदराच्या गावात आहोत, तर मुलांनी ते बंदर जरा अर्थशास्त्राच्या नजरेने बघावं, असा माझा उदात्त विचार होता. वीस प्रश्नांची प्रश्नावली मी एका रविवारी दुपारी जेवणानंतर बसून तयार केली आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकून दिली. प्रत्येकाने एका विक्रेत्याकडे जावं, प्रश्न विचारावेत आणि स्वतःच्या शब्दांत लिहावं, एवढीच सूचना.

महिन्याभराने स्पायरल बाइंडिंग केलेले चौदा अहवाल माझ्या टेबलावर आले. पहिला उघडला आणि दुसऱ्याच पानावर एक वाक्य सापडलं: 'मासा पाण्यात असतो तोवर दर्याचा, टोपलीत आला की माझा, आणि ऊन चढलं की मांजराचा.' मी खूश झाले. समासात लाल पेनाने लिहिलं, 'सुंदर निरीक्षण'. दुसऱ्या अहवालातही तेच वाक्य होतं. बंदरावर ही म्हण असणार, असं मी मनाशी म्हटलं. तिसऱ्यात आलं तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. पाचव्यापर्यंत मला माझं 'सुंदर निरीक्षण' खोडायचं होतं, पण ते पेनाने लिहिलेलं होतं.

सगळे अहवाल प्रणालीत टाकले. साम्य असेल तिथे ती मजकूर लाल करते. वाणिज्यचे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. पानामागून पान लाल होत गेलं. पांढरी राहिली ती मुलांची नावं आणि हजेरी क्रमांक. सर एवढंच म्हणाले, की त्यांच्या चिठ्ठ्यांमध्ये निदान हस्ताक्षरं तरी वेगवेगळी होती.

नियमाप्रमाणे चौदाही जणांकडून लेखी खुलासा मागवला. दोन दिवसांत चौदा खुलासे आले. ते मी वाचायला घेतले आणि मला कळेना की हसावं की काय करावं. सगळे शब्दशः सारखे होते. 'माझ्याकडून झालेल्या कृत्याबद्दल मी दिलगिर आहे' हे वाक्य चौदा वेळा, आणि चौदाही वेळा 'दिलगीर'मधला 'गि' ऱ्हस्व. एकाने तर 'मी, कु./श्री.' यापुढची टिंबंही तशीच ठेवली होती. चौकशी केल्यावर कळलं की ऑफिसातल्या क्लार्कने मुलांना अडचण नको म्हणून एक नमुना टाईप करून दिला होता. म्हणजे कॉपीबद्दलची माफीसुद्धा कॉपी केलेली, आणि तीही कॉलेजच्याच कृपेने.

मग मुलांना समोर बोलावलं. त्यांचं म्हणणं एकच होतं: आम्ही कुणाचं बघून लिहिलेलं नाही, आम्ही सगळे एकाच मावशीकडे गेलो होतो आणि ती सगळ्यांना तेच सांगते. सरांना हे पटेना. ते म्हणाले की तोच धडा ते तीस वर्षं शिकवत आहेत, पण दोन वर्गांत तो कधी सारखा होत नाही. सरांचा एक विनोद दरवर्षी त्याच तासाला, त्याच वाक्यानंतर येतो हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, पण ते त्या वेळी कुणी बोललं नाही. सर सगळ्यांना शून्य देऊन मोकळे होणार होते. प्राचार्य म्हणाले की आधी त्या मावशीला विचारून या. 'या' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शनिवारी सकाळी मी मासळी बाजारात गेले. मुलांनी खूण सांगितली होती: डोळ्यांना चष्मा, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात मोबाईल, उजव्या हाताच्या रांगेत शेवटची. मावशी साठीच्या पुढची असेल. पुढ्यात बांगडे, तारली, मांदेली आणि बोंबील यांचे छोटे छोटे ढीग लावलेले. या ढिगाला इथे वाटा म्हणतात. मी म्हटलं, "मावशी, मी कॉलेजमधून आले."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "चौदावी ना तू? जरा मोठी दिसतेस गो. नापास होत आलीस काय? आधी वाटा घे, मग विचार."

मी शिक्षिका आहे हे सांगायची हिंमत मला झाली नाही. तिचा नियमच होता: मुलाखत हवी तर आधी काहीतरी विकत घ्यायचं. मी जवळच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ते बांगडे आहेत हे तिनेच सांगितलं, आणि माझ्याकडे बघून हळूच हसली.

मग तिने सुरू केलं. मी एकही प्रश्न विचारला नव्हता. पहिल्यापासून उत्तरं येऊ लागली, एकामागून एक, आरती म्हणावी तशी. माझ्या हातात एका मुलाचा अहवाल होता, त्यावर मी बोट ठेवून मागोमाग चालले होते. एक शब्द इकडचा तिकडे होत नव्हता. दर्या, टोपली, मांजर सगळं जागच्या जागी आलं. सातव्या उत्तराच्या मध्ये एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याशी तिने घासाघीस केली, मांदेली बांधून दिली आणि जिथे थांबली होती त्याच शब्दापासून पुढे सुरू झाली. ती मासळीवाल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. गटाचं काम बघायला कुणी ना कुणी येतंच असे, बँकेचे, जिल्ह्याच्या ऑफिसातले, मुंबईचे, आणि सगळे तेच विचारत. त्यामुळे उत्तरं तिला पाठच झाली होती.

बाराव्या उत्तराशी मात्र ती थांबली. "हा बारावा प्रश्न कोणी काढलान गो? पालेमासळी म्हणजे कुठली मासळी?"

मी प्रश्नावली काढून बघितली. बारावा प्रश्न असा होता: 'पालेमासळी संध्याकाळपर्यंत शिल्लक राहिल्यास तिचे काय करता?'

माझ्या कानांतून वाफ निघाली असावी. खरं सांगायचं तर ती प्रश्नावली माझी नव्हतीच. मी एम.ए.ला असताना आम्ही भाजीवाल्यांचं सर्वेक्षण केलं होतं. ती प्रश्नावली आम्हाला तिथल्या प्राध्यापकांनी दिली होती, आणि त्यांना ती कुणी दिली होती देव जाणे. त्या रविवारी दुपारी मी तीच फाईल उघडली आणि कॉम्प्युटरला सांगितलं की जिथे जिथे 'भाजी' असेल तिथे 'मासळी' कर. त्याने इमानदारीत केलं. पालेभाजीची पालेमासळी झाली.

"सगळ्यांनी विचारलंनी," मावशी सांगत होती. "मी म्हटलं, कॉलेजच्या पुस्तकात असेल. म्हणून सांगितलं, आमच्या बंदरावर मिळत नाय."

आणि चौदाही अहवालांत ते वाक्य होतं: 'पालेमासळी या बंदरावर मिळत नाही.' मी ते चौदा वेळा वाचलं होतं. असेल एखादा मासा, आपल्याला कुठे सगळे ठाऊक आहेत, असं समजून पुढे गेले होते. एका ठिकाणी तर बरोबरची खूणही केली होती.

तेवढ्यात मला तिचं पहिलं वाक्य आठवलं. चौदावी ना तू? मी विचारलं की याआधी किती मुलं येऊन गेली. तिने बोटं मोजली नाहीत, वाटे मोजले. उंच मुलगा, बांगडे. दोन मैत्रिणी, तारलीचा एकेक. चष्मेवाला, बोंबील, तोही दोनदा बदलून घेतला. असं करत करत ती तेरावर थांबली. मी कागदावर लिहून घेतलं आणि बांगडे पिशवीत टाकून घरी आले. त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने विचारलं की समितीच्या कामात मासे कसे काय मिळतात.

सोमवारी प्राचार्यांच्या केबिनमध्ये समितीची बैठक झाली. मी यादी सरांपुढे ठेवली. सरांचं सगळं आयुष्य रत्नागिरीत गेलेलं. त्यांना ही पद्धत फार आवडली. एकेका मुलाला आत बोलावून ते एकच प्रश्न विचारत होते: मावशीकडून काय घेतलंस? मुलं गोंधळून उत्तर देत होती, आणि सर कार्यवृत्तात गंभीरपणे नोंद करत होते. बांगडे, एक वाटा. तारली, एक वाटा. बोंबील, एक वाटा, बदलून. यादीशी सगळं जुळत गेलं. विद्यापीठाच्या कुठल्याही चौकशीत इतका सरळ पुरावा मी आजवर बघितलेला नाही.

चौदावी मुलगी शेवटी आली. ही वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, हुशार, वही अशी की छापून घ्यावी. सरांनी विचारलं, काय घेतलंस?

ती म्हणाली, "पापलेट."

सरांनी पेन खाली ठेवलं. मावशीचा धंदा छोट्या मासळीचा. पापलेट तिच्याकडे नसतंच, हे सरांना माहीत होतं आणि शनिवारपासून मलाही माहीत होतं. मुलीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि तिच्या लक्षात आलं. मग तिने काही लपवलं नाही. तिच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. ती दोनदा बाजाराच्या दारापर्यंत गेली होती, दोन्ही वेळा वास आला आणि परत फिरली. मैत्रिणीने मोबाईलवर पाठवलेला अहवाल तिने घेतला, वरचं नाव बदललं आणि जमा केला. माशांचं एकच नाव तिला येत होतं, तेच तिने सांगितलं. बोलताना ती रडली नाही, पण हातातल्या रुमालाचा तिने अगदी बोळा केला होता.

सर शिक्षा सांगायला लागले. प्रकल्पात शून्य, म्हणजे विषयात नापास. ते बोलत असताना माझ्या डोळ्यांसमोर पालेमासळी होती. नाव बदलून दुसऱ्याचं आपलं म्हणून देणं हा हिचा गुन्हा. मी तर तेही कॉम्प्युटरकडून करून घेतलं होतं. मी सरांना मध्येच थांबवलं, मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि प्रश्नावलीची सगळी हकीकत प्राचार्यांसमोर सांगून टाकली.

प्राचार्य खिडकीकडे तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलत होते. सर मात्र हसले नाहीत. त्यांनीही अहवाल चाळले होते, आणि ही पालेमासळी आपण लहानपणी खाल्ल्यासारखं वाटतं, असं त्यांनी मला सांगितलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी शांतपणे विचारलं, "मग कार्यवृत्तात तुमचंही नाव घ्यायचं का?"

मी म्हटलं, घ्या. सरांनी बराच विचार केला आणि लिहिलं: 'प्रश्नावलीत सुधारणेस वाव आहे.' विद्यापीठाच्या भाषेत याहून मोठी शिक्षा नाही, असं त्यांनी मला नंतर समजावलं.

निर्णय असा झाला. तेरा जणांची चूक कॉपीची नाही, आळसाची. त्यांनी अहवाल स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा. चौदावीने बाजारात स्वतः जाऊन सगळं नव्याने करावं, पण काहीही लिहिलं तरी तिला पास होण्यापुरतेच गुण मिळतील. आणि मी नवी प्रश्नावली करावी, या वेळी डोक्यातून.

पुढच्या शनिवारी मी त्या मुलीला घेऊन बाजारात गेले. दाराशी तिने नाकाला रुमाल लावला. मी मागून चालत होते, म्हणजे ती परत फिरली असती तर माझ्यावरच आपटली असती. मावशीने तिला नियम सांगितला: आधी वाटा. मुलगी म्हणाली की घरी चालत नाही. तिच्या वतीने मी घेते, असं मी सुचवलं.

"म्हणजे तीपण कॉपीच झाली की," मावशी म्हणाली. मी कोण आहे हे एव्हाना तिला मुलांकडून कळलं होतं, आणि त्याचा तिला आनंद वाटत होता. मग तिने मुलीला वेगळीच अट घातली. इतक्या जणांनी माझं लिहिलंनी, पण काय लिहिलंनी ते कुणी वाचून दाखवलंन नाय. तू वाच.

मुलीने आपला जुना अहवाल उघडला. वाऱ्याने पानं उडत होती, ती धरायला दोन्ही हात लागत होते, त्यामुळे रुमाल पर्समध्ये गेला. तिने वाचायला सुरुवात केली. मावशी कान देऊन ऐकत होती. मांजराच्या वाक्याला तिने स्वतःच मान डोलावली. वाचता वाचता पुढे असं आलं, की पुढच्या पिढीनेही हा व्यवसाय सन्मानाने करावा असं विक्रेत्या महिलेला वाटतं. इथे मावशीने हात वर केला.

"हे मी बोललंय खरं, पण हे खरं नाय. हे पाहुण्यांसाठी." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सुनेला मी टोपलीला हात लावू देत नाय. ती दवाखान्यात नर्स हाय. हाताला वास आला तर पेशंट काय म्हणेल?"

मुलीने पेन काढलं. अशी गंमत सुरू झाली. ती एक वाक्य वाचायची आणि मावशी सांगायची, हे बरोबर, हे पाहुण्यांचं. वीसपैकी नऊ उत्तरं पाहुण्यांची निघाली. माझ्या प्रश्नांची गरजच पडली नाही. शेवटी मावशीने एक गोष्ट सांगितली, ती या धंद्यात कशी आली याची. ती कुठल्याच प्रश्नात बसणारी नव्हती. मुलगी लिहीत होती. मध्येच लिहायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

ती मुलगी त्यानंतर आणखी तीनदा एकटी गेली. तिसऱ्या खेपेला ती गिऱ्हाइकाला सुटे देत होती, असं मला चष्मेवाल्याने सांगितलं. तिचा अहवाल हाताने लिहिलेला, बारा पानांचा. टाईप करून प्रणालीत टाकला तेव्हा पडद्यावर लाल रंगाचा ठिपकाही आला नाही. सरांनी तो घरी नेऊन वाचला. दुसऱ्या दिवशी मला विचारलं की गुणांची मर्यादा आपण नक्की कुणी ठरवली होती. मी म्हटलं, सर, तुम्हीच. त्यांनी 'हं' केलं आणि पास होण्यापुरतेच गुण दिले. मुलीनेही तक्रार केली नाही. पुढच्या वर्षीच्या मुलांना मी सहाच प्रश्न दिले आणि माणूस प्रत्येकाने वेगळा शोधायचा, असं ठरवून टाकलं. बारा प्रश्नांपर्यंत जायचं धाडस मला अजून होत नाही.

त्या अहवालात एक गोष्ट सरांच्या नजरेतून सुटली नव्हती. सातव्या पानानंतर एकदम नववं पान होतं. सरांनी मुलीला बोलावून विचारलं की आठवं कुठे गेलं. ती म्हणाली की जमा करण्याआधी तिने सगळं मावशीला वाचून दाखवलं. मावशीने ते एक पान काढून ठेवायला सांगितलं, म्हणून काढलं. पानांचे आकडे मात्र तिने बदलले नाहीत, कारण मग ती पुन्हा लबाडी झाली असती.

पान गहाळ असेल तर अहवाल अपूर्ण धरावा, असा नियम आहे. तो सरांनीच मला पहिल्या आठवड्यात शिकवला होता. सरांनी अहवाल मिटला, मुखपृष्ठावर सही केली आणि मुलीला जायला सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं की त्या पानावर काय होतं ते मला माहीत आहे का. मी हो म्हटलं; मावशीने ती गोष्ट सांगितली तेव्हा मीही तिथेच होते. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.